अजिंठ्याची नक्कल करणारे

भुसावळ म्हटलं की लोकांना जंक्शन आठवतं, केळी आठवतात आणि इथला उन्हाळा. इथल्या जुन्या ख्रिस्ती कबरस्तानात मेजर रॉबर्ट गिल चिरनिद्रा घेतोय, हे गावातसुद्धा फार जणांना ठाऊक नसतं. ज्यांना गिल माहीत आहे त्यांना तो पारोमुळे माहीत आहे. अजिंठा गावातली पारो १८५६ साली गेली, तिची कबर त्याच गावात आहे. ना. धों. महानोरांनी त्या दोघांवर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं, पुढे २०१२ साली नितीन देसाईंनी त्यावर सिनेमा काढला. प्रेमकथेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मी आयुष्यभर चित्रकला शिकवली, त्यामुळे मला गिलची दुसरी गोष्ट जास्त लागते. हा माणूस अजिंठ्याला कशासाठी आला, तिथे त्याने वर्षानुवर्षं काय रंगवलं आणि त्या रंगवलेल्याचं पुढे काय झालं, हे कुणी विचारतच नाही.

जॉन स्मिथची गोष्ट सहलीला गेलेल्या प्रत्येकाने गाइडकडून ऐकलेली असते, म्हणून दोनच वाक्यं. २८ एप्रिल १८१९ रोजी हा मद्रासच्या घोडदळातला अधिकारी शिकारीला आला, त्याला लेणी दिसली आणि दहाव्या लेण्यात त्याने आपलं नाव व तारीख कोरली. ते नाव आज आपल्या डोक्याच्या वर आहे, कारण तो उभा होता तो शेकडो वर्षांच्या साचलेल्या मातीवर.

त्यानंतर हौशे, नवशे, गवशे सगळे आले. मुंबईच्या डॉ. बर्ड यांनी तर भिंतीवरच्या आकृती सोलून काढायचा प्रयत्न केला. त्या आकृती हातात भुगा होऊन आल्या. हे असंच होणार होतं. अजिंठ्याचं चित्र दगडावर नाही, मातीवर आहे. काळ्या खडबडीत कातळावर आधी माती, भाताचा तूस, काड्या-तंतू आणि बारीक वाळू यांचा गिलावा थापला, तो घोटून त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग लावले. गेरू, पिवळी माती, इथल्याच खडकातली हिरवी माती, काजळी, चुना. परक्या मुलखातून आला तो फक्त निळा, अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा. म्हणजे पंधराशे वर्षं टिकलेल्या या वैभवाच्या पोटात तूस आणि काड्या आहेत. पाणी झिरपलं की तो गिलावा फुगतो, किडे त्यातलं सेंद्रिय खातात, वटवाघळं आपलं काम करतात. ही भिंत फार दिवस राहायची नाही असं तेव्हाच्या जाणत्यांना वाटलं आणि रंगीत फोटोचा जमाना अजून यायचा होता. मग उपाय एकच उरला, नक्कल.

जेम्स फर्ग्युसनने १८४३ साली लंडनमध्ये या लेण्यांवर निबंध वाचला आणि ही चित्रं नोंदवून ठेवा म्हणून कंपनी सरकारच्या मागे लागला. १८४४ साली मद्रासच्या फौजेतल्या गिलची नेमणूक झाली. काम होतं मूळ मापात, कॅनव्हासवर, तैलरंगात नकला करण्याचं. वाघूर नदीच्या त्या नालाच्या आकाराच्या दरीत तेव्हा वाघांचा वावर होता, हिवताप होता, आग्या मोहोळं होती (ती आजही आहेत). गिल अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला. मध्ये १८५७ आलं. त्याच सुमारास त्याने कॅमेराही हाती घेतला आणि लेण्यांची सुंदर छायाचित्रं काढली. तीसएक मोठे कॅनव्हास लंडनला पोचले, त्यांतले बरेचसे सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना पाहायला टांगले गेले. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या काचेच्या महालाच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली आणि गिलची चित्रं गेली. वाचली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गिल तेव्हा जिवंत होता. तो १८७९ साली वारला.

इथून पुढची गोष्ट माझ्या जास्त जवळची, कारण ती मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची आहे आणि मी तिथे शिकले. जॉन ग्रिफिथ्स हा मूळचा वेल्सचा चित्रकार १८६५ साली जे. जे.मध्ये शिकवायला आला. गिलची चित्रं जळाल्यावर नव्याने नकला कराव्यात हे त्याने सरकारच्या गळी उतरवलं आणि १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तो अजिंठ्याला जाऊ लागला. १८८५ पर्यंत हे चाललं. सगळे मिळून सुमारे ३०० कॅनव्हास झाले, काही तर खूपच मोठे. पुढे व्यक्तिचित्रांसाठी नावाजलेले पेस्तनजी बोमनजी त्या मुलांमध्ये होते, जगन्नाथ अनंत होते. बाकीच्यांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत. गंमत म्हणजे त्याच सुमारास बोरीबंदरच्या स्टेशनची इमारत उभी राहत होती आणि तिच्या नक्षीकामातही ग्रिफिथ्सच्या हाताखालची जे. जे.ची मुलंच होती. लोकल पकडताना आपण ज्या दगडी पानाफुलांखालून धावतो, ती आणि अजिंठ्याच्या नकला एकाच शाळेतून निघाल्या.

नक्कल म्हटलं की आपण नाक मुरडतो. इंटरमीजिएटच्या परीक्षेला बसणारी माझी मुलंसुद्धा विचारायची, बाई, बघून काढलं तर ते आपलं चित्र कसं? मी त्यांना अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या बोधिसत्त्व पद्मपाणीचा हात काढायला लावायची. एवढंच, एक हात, निळं कमळ धरलेला. पहिल्यांदा सगळ्यांच्या कागदावर भेंड्या उतरायच्या. कारण त्या बोटांत हाडं दाखवलेली नाहीत, सांधे नाहीत, छाया तर जवळजवळ नाहीच. सगळा भार बाहेरच्या रेषेवर आहे. ती रेषा कुठे जाड होते, कुठे श्वास घेते, हे डोळ्यांनी पाहून कळत नाही. हाताने तीच वाट चालावी लागते. मग कुणीतरी ओरडायचं, बाई, नाकावर पांढरा पट्टा आहे! आहेच. नाकाच्या दांड्यावर, खालच्या ओठावर, हनुवटीवर पांढऱ्याचा हलका हात मारून त्या चित्रकाराने अंधाऱ्या लेण्यात चेहरा पुढे आणलाय. समोर उभं राहून मोबाइलमध्ये फोटो काढणाऱ्याला तो दिसायचा नाही.

जे. जे.च्या त्या मुलांपुढे याहून अवघड प्रश्न होता. भिंतीवर चित्र अर्धं आहे, अर्ध्याचा पोपडा पडलाय. मग कॅनव्हासवर काय करायचं? पोपड्याच्या जागी राणीचा राहिलेला खांदा आपल्या मनाने भरायचा का? त्यांनी तो भरला नाही. पोपडा रंगवला. उघडी पडलेली माती, डाग, धूर, सगळं जसंच्या तसं. विशी-बाविशीतल्या, हाताला नवा जोर आलेल्या मुलाने स्वतःला असं आवरणं ही सोपी गोष्ट नव्हे. कुठल्याही चित्रकाराला विचारून पाहा. त्यामुळेच या नकलांना आज वेगळी किंमत आहे. दीडशे वर्षांपूर्वी भिंतीचा कोणता तुकडा शिल्लक होता याची ती नोंद आहे.

दोष मात्र त्यांत आहे. तैलरंगाने अजिंठ्याचा पोत हरवतो. मूळ चित्र कोरडं, मातकट, हलकं आहे. नकला गडद, चकचकीत आणि गोलाईदार होतात, जणू राजकन्या युरोपात जाऊन आली. आणि एक गोष्ट मला आमच्या शाळेची असूनही माफ करता येत नाही. चित्र स्पष्ट दिसावं म्हणून मूळ भिंतीवर अनेक ठिकाणी स्वस्तातलं व्हार्निश फासलं गेलं. ते पुढे काळवंडलं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. नकला लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमला गेल्या, ज्याला आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणतात. १८८५ साली तिथे आग लागली आणि शंभराहून जास्त कॅनव्हास जळाले. गिलच्या वेळची आणि ग्रिफिथ्सची अशी दोन्ही मिळून १६६ चित्रं आज त्या संग्रहात आहेत. १९५५ नंतर ती कायमची अशी कुठल्याच दालनात मांडलेली नाहीत. ग्रिफिथ्सने एवढं शहाणपण केलं की १८९६-९७ मध्ये या कामाचे दोन जाडजूड ग्रंथ छापून घेतले. ते जगभर गेले.

नकलांची तिसरी खेप एका बाईंनी काढली, क्रिस्तियाना हेरिंगहॅम. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या चेन्निनी या इटालियन चित्रकाराचं रंगकामावरचं पुस्तक त्यांनी इंग्रजीत आणलं होतं. तेलाआधीच्या काळात लोक रंग कसे घोटत हे त्या स्वतः करून पाहत. म्हणजे अजिंठ्याला पहिल्यांदाच अशी व्यक्ती आली जिला तैलरंगाचा मोह नव्हता. १९०९ ते १९११ या काळात त्यांनी तिथे तंबू ठोकून काम केलं. सोबत कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार वगैरे तरुण आले, हैदराबादहून सय्यद अहमद आले. जलरंग, ट्रेसिंग आणि सगळं लक्ष रेषेवर. हेरिंगहॅमबाईंची तब्येत त्यानंतर ढासळली, मनाचा तोल गेला, शेवटची वर्षं उपचारगृहांत गेली. त्यांचं पुस्तक १९१५ साली निघालं. नंदलालबाबूंच्या हातात मात्र ती रेषा कायमची बसली. भारताच्या राज्यघटनेच्या मूळ प्रतीची पानं त्यांनी आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या शिष्यांनी सजवली. अजिंठ्यात हात घासून शिकलेला माणूस तिथपर्यंत पोचला.

नंदलालबाबूंच्या ओळखीचा एक जपानी चित्रकारही अजिंठ्याला येऊन गेला, काम्पो अराई. टागोरांनी त्याला भारतात बोलावलं होतं. पहिलं महायुद्ध चालू असताना त्याने अजिंठ्याच्या नकला केल्या आणि त्या तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या. १९२३ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत त्या नष्ट झाल्या. क्रिस्टल पॅलेस, केन्सिंग्टन, तोक्यो. माझ्या आईने ही यादी ऐकून शापच आहे असं म्हटलं असतं. मी तसं म्हणत नाही, कारण याच अराईची पुढची गोष्ट उलटी आहे.

जपानमध्ये नारा शहराजवळ होर्यूजी हे प्राचीन बौद्ध देऊळ आहे. त्याच्या मुख्य दालनातली भित्तिचित्रं आणि अजिंठा यांचं नातं पाहणाऱ्याला चटकन जाणवतं. त्या चित्रांच्या नकला करायला १९४० च्या सुमारास चित्रकारांची मोठी तुकडी बसवली होती, अराई तिच्यात होता. तो १९४५ साली गेला, काम चालूच राहिलं. २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे दालनाला आग लागली आणि भित्तिचित्रं करपली. थंडीत नकला करणाऱ्यांनी वापरलेल्या विजेच्या गरम उशीवर अनेकांचा संशय होता. पुढे त्याच नकला आणि जुने फोटो समोर ठेवून चित्रकारांनी १९६७-६८ मध्ये ती भित्तिचित्रं पुन्हा रंगवली. आपल्याकडे नकला जळाल्या आणि भिंत उरली, तिथे भिंत जळाली आणि नकला उरल्या. त्या आगीच्या पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला.

आपल्या उरलेल्या भिंतीचंही सगळं सरळ झालं नाही. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात. पुरातत्त्व खात्याचे गुलाम याजदानी यांच्या पुढाकाराने १९२० साली इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि त्याचा सहायक आले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी कातळाला चिकटवला, ही त्यांची मोठी कामगिरी. पण वरून लाखेचं लुकण दिलं. लाख वर्षानुवर्षं पिवळी, मग तपकिरी होत गेली आणि तिच्यावर धूळ बसली. नव्या शतकाच्या तोंडावर पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी नवव्या-दहाव्या लेण्यांतलं हे लुकण बोटभर बोटभर काढायला घेतलं, तेव्हा खाली दोन हजार वर्षांपूर्वीचे चेहरे निघाले. स्वच्छ करण्याचा हात फार पडला असंही काही अभ्यासक म्हणतात. मला त्यातलं रसायन कळत नाही, पण दहाव्या लेण्यातले ते रुंद चेहऱ्यांचे, गंभीर लोक मी पाहिलेत आणि पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपेक्षा ते मला जास्त आवडतात. कॅलेंडरवर न छापले गेल्याचा तो फायदा असेल.

आता जाणार असाल तर एक करा. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संकेतस्थळावर जे. जे.च्या मुलांच्या बऱ्याच नकला फोटोरूपात आहेत आणि ग्रिफिथ्सचे ग्रंथही स्कॅन झालेले सापडतात. सोळाव्या लेण्यातली ‘मरणोन्मुख राजकन्या’ घरूनच मोबाइलवर उतरवून घ्या, दरीत रेंजचा भरवसा नाही. ती मरत नाहीये, हे आधी ध्यानात ठेवा. ते नाव गोऱ्या पाहुण्यांनी पाडलं. ती सुंदरी आहे, बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची बायको. नवऱ्याने संन्यास घेतला आणि सेवक त्याचा मुकुट घेऊन आलाय, तो पाहून ती कोसळलीय. आत शिरल्यावर डाव्या हाताच्या भिंतीशी जा. डोळे अंधाराला सरावू द्या, पाचेक मिनिटं तरी. फ्लॅशला बंदी आहे, ती पाळा. मग मोबाइलचा उजेड अगदी कमी करून नक्कल समोर धरा आणि एकेक आकृती भिंतीवर शोधा. आधी तिचं कललेलं डोकं सापडेल, मग तिला मागून सावरणारी दासी. मुकुट शोधायला वेळ लागतो. गाइड पुढे चला म्हणून घाई करेल, त्याला सतराव्या लेण्यात भेटतो म्हणून सांगा.