दोन इंजिनं, एक चाल

पारनेरच्या माणसाला घाटातलं बँकर इंजिन पाहायचं तर कर्जत गाठावं लागतं. पारनेरच्याच जिल्ह्यातलं कर्जत नव्हे, रायगडातलं. तिथून लोणावळ्याकडे जाताना बोरघाटात दर 37 मीटरमागे 1 मीटर असा चढ आहे. हजार टनांची गाडी या चढावर नुसती थोपवून धरायलाच सुमारे 27 टनांचा जोर लागतो. तो सगळा पुढून लावला तर पुढच्या कपलिंगवर फार ताण येतो. म्हणून मागून बँकर ढकलतात. पुढचा आणि मागचा लोको पायलट वेगळा, तरी जोर एकाच लयीत लागायला हवा.

छोट्या प्रतिकृतींच्या रेल्वेतही हाच पेच पडतो. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं 1998 साली उघडलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. अशा रेल्वे चालवण्याच्या छंदातलं विज्ञान किती खोल जातं, हे मात्र दोन इंजिनं एकाच गाडीला जोडू पाहिल्यावरच कळतं.

छोटी इंजिनं चालवण्याच्या जुन्या पद्धतीत रुळातला व्होल्टेज वाढवला की त्यावरची सगळी इंजिनं एकदम पळत. डिजिटल पद्धतीत रुळात कायम पूर्ण व्होल्टेज असतो, फक्त त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते. ही उलटापालट म्हणजेच संदेश. दिशा 58 मायक्रोसेकंदांनी पालटली तर ‘1’, 100 किंवा जास्त लागले तर ‘0’. प्रत्येक संदेशात इंजिनाचा क्रमांक असतो. इंजिनातला डिकोडर आपला क्रमांक ओळखतो, बाकीचे संदेश सोडून देतो. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामावर आधारलेली ही पद्धत अमेरिकेतल्या हौशी संघटनेनं 1990च्या दशकात प्रमाण मानली.

दोन इंजिनं जोडायची तर दोघांना एक सामाईक क्रमांक द्यायचा. तो डिकोडरच्या 19व्या कप्प्यात लिहितात. समजा 25 दिला. पाठीला पाठ लावलेल्या इंजिनाच्या कप्प्यात त्यात 128 मिळवून 153 लिहायचे, की तेही गाडीच्याच दिशेनं धावतं.

संदेश एकच गेला म्हणून चाल एक होत नाही. ‘वेग 40’ या आज्ञेला एक इंजिन सावकाश धावतं, दुसरं भरधाव. मोटारी आणि गिअर वेगळे असतात. साधी मोटार तरी समजूतदार असते: ओझं वाढलं की मंदावते, हलकं झालं की वेग घेते, त्यामुळे भार आपोआप वाटला जातो. पण चांगल्या डिकोडरमध्ये वेग राखणारी यंत्रणा असते. मोटार फिरताना स्वतःच जो व्होल्टेज निर्माण करते, तो मोजून ती वेग ढळू देत नाही. म्हणजे दोन्ही इंजिनं आपापल्या वेगावर अडून बसतात. हळू चालणारं ब्रेकसारखं ओढून धरतं, चाकं रुळावर घसरतात, मोटार तापते. सगळ्यात चांगला गुण इथे घात करतो, हे मला या विषयातलं सर्वांत शिकवणारं वाटतं.

उपाय चिकाटीचा आहे. 1:87 प्रमाणात ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 19 सेंटिमीटर. मीटरभर रुळावर खुणा करून दोन्ही इंजिनांचा वेळ वेगवेगळ्या आज्ञांना मोजायचा आणि वेगवान इंजिनाच्या डिकोडरमधला वेगतक्ता, म्हणजे कोणत्या आज्ञेला किती वेग हा हिशेब, हळू इंजिनाच्या बरोबरीला उतरवायचा. कारण मंद इंजिन त्याच्या मर्यादेपलीकडे पळवता येत नाही. मग दोन्ही इंजिनं न जोडता, वीतभर अंतर ठेवून एकामागे एक सोडायची. फेरीनंतरही अंतर तेवढंच राहिलं, तरच कपलर अडकवावा.