समजून घ्या : जुन्या पद्मिनीत दमदार इंजिन बसवता येते का? गॅरेज काय सांगते आणि आरटीओ काय?

घरची जुनी फियाट, ॲम्बेसेडर किंवा जीप पुन्हा रस्त्यावर आणायची, तर सोबत इंजिनही जोरदार टाकू, असा विचार अनेकांच्या मनात येतो. काम गॅरेजमध्ये होऊ शकते. पण त्यानंतर ब्रेकपासून आरसीपर्यंत काय काय बदलते आणि ‘व्हिंटेज’ नोंदणीची संधी कशी जाते?

इंजिन बदलण्याचा मोह का होतो?

नशिराबादचेच उदाहरण घ्या. गावाजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ आता चौपदरी झाला आहे. जळगाव किंवा भुसावळला निघालेल्या जुन्या गाडीला ट्रक आणि नव्या एसयूव्हींच्या वेगात स्वतःला सांभाळावे लागते. प्रीमियर पद्मिनीचे इंजिन १,०८९ सीसीचे. ताकद साधारण चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्ती आणि गाडीचे वजन ९०० किलोच्या आसपास. चार माणसे बसली, समोर चढ आला की ओव्हरटेक करताना दम लागतो. त्यात मूळ सुटे भाग शोधत फिरावे लागते.

अशा वेळी मिस्त्री सुचवतो, ‘जिप्सीचं इंजिन टाकू.’ हे नाव उगाच येत नाही. मारुती जिप्सीचे १,२९८ सीसी इंजिन पद्मिनीसारखेच उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते आणि मागच्या चाकांना ताकद देते. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांची इंजिने आडवी असतात आणि पुढची चाके फिरवतात. ती जुन्या फियाटमध्ये बसवायची तर गाडीचा पुढचा भागच नव्याने बांधावा लागतो. जिप्सीच्या एमपीएफआय इंजिनाची ताकद ८० अश्वशक्ती, म्हणजे मूळच्या जवळपास दुप्पट. कागदावर सौदा चांगला दिसतो.

कंपन्यांनीही इंजिन बदललेच होते ना?

हो, बदलले होते. हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा बाजारात आली ती ॲम्बेसेडरचे १,४८९ सीसीचे जुने इंजिन घेऊन. मोठ्या, जड गाडीला ते पुरेना. नंतर तिला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले आणि काँटेसा क्लासिकचे नाव झाले. ९०च्या दशकात ॲम्बेसेडरलाही इसुझू इंजिन मिळाले. प्रीमियरने ‘११८ एनई’मध्ये फियाटच्या सांगाड्यात निसानचे इंजिन बसवले, तर पद्मिनीची डिझेल आवृत्तीही काढली.

फरक असा की, कंपनीने नुसते इंजिन बदलले नाही. काँटेसाला इसुझू इंजिनासोबत पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स मिळाला. गाडीची चाचणी झाली, मान्यता मिळाली आणि आरसीवर तीच माहिती चढली. एकट्या मालकाकडे यातले शेवटचे दोन टप्पे नसतात.

इंजिन बसले, पुढे काय काय बदलावे लागते?

- सांगाडा : जीपला खाली स्वतंत्र लोखंडी चेसिस असते. पद्मिनी आणि ॲम्बेसेडरला ती नसते; पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. इंजिनाचे माउंटिंग या पत्र्यालाच पेलावे लागते. पन्नास वर्षांत तो आतून गंजलेला असेल तर दुप्पट ताकदीचा पीळ वेल्डिंगच्या जोडांवर येतो.

- ब्रेक : पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. वेग वाढला की थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ८० ऐवजी १२० किलोमीटरने जाणारी तीच गाडी थांबवताना ब्रेकवर सव्वादोन पट ऊर्जा येते. ड्रम तापले की पकड कमी होते. त्यामुळे डिस्क ब्रेक, त्यांना जुळणारा मास्टर सिलिंडर, नवे हब असे काम वाढत जाते.

- गिअरबॉक्स ते मागचा ॲक्सल : क्लच, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल हे सारे जुन्या ताकदीच्या हिशेबाने बनलेले असते. या साखळीत जो भाग कच्चा, तो आधी तुटतो.

- थंडावा : खान्देशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता. मोठा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक पंखा टाकला की जुना डायनॅमो पुरत नाही, मग अल्टरनेटर आणि नवे वायरिंग आलेच.

- इलेक्ट्रॉनिक्स : एमपीएफआय इंजिन सेन्सर आणि संगणकावर चालते. त्याला दाबाने पेट्रोल पुरवणारा पंपही लागतो. कार्ब्युरेटरवर हात बसलेल्या मिस्त्रीसाठी हे वेगळेच शास्त्र आहे.

जगातले सर्वांत गाजलेले उदाहरणही हेच सांगते. १९६२ मध्ये अमेरिकेच्या कॅरोल शेल्बी यांनी ‘एसी’ या ब्रिटिश कंपनीच्या हलक्या स्पोर्ट्स कारमध्ये फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवले आणि ‘कोब्रा’ जन्मली. पुढे सात लिटरचे इंजिन टाकायचे ठरले, तेव्हा जुनी चेसिस चालेना. तीन इंची नळ्यांऐवजी चार इंची नळ्या आणि नवे सस्पेन्शन असा सांगाडाच नव्याने बनवावा लागला.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ इथे निर्णायक आहे. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा आरसीतील माहिती वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २००० मधील दुरुस्तीने ही तरतूद कडक झाली. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला.

‘बदल’ या शब्दाचीही व्याख्या कायद्यात आहे : वाहनाच्या रचनेत असा फेरफार, ज्यामुळे त्याचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते. वेगळ्या कंपनीचे, वेगळ्या क्षमतेचे इंजिन त्यात येते. सीसी, इंजिन क्रमांक, इंधन हे सारे आरसीवर छापलेले असते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय १५ वर्षांनंतर आरसीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावीच लागते. तिथे क्रमांक जुळला नाही की प्रकरण उघडे पडते.

‘व्हिंटेज’ नोंदणी मिळेल का?

मूळ इंजिन राखले तर मिळू शकते. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी आणि चारचाकी वाहने यात येतात. अट अशी की, गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको.

नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे आणि फेरनोंदणीसाठी ५ हजार रुपये. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या फियाट आता या वयात आल्या आहेत. मुंबईच्या टॅक्सी ताफ्यातून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची बाहेर पडली. त्यामुळे मूळ इंजिनासह टिकलेल्या गाडीचे महत्त्व वाढतच जाणार. ते इंजिन भंगारात गेले की ही वाट बंद होते.

विम्याचे काय?

पॉलिसी आरसीवरील गाडीची असते. न कळवलेला बदल निघाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. अपघातात तिसऱ्या व्यक्तीला भरपाई द्यावी लागली तर प्रकरण मालकावर शेकू शकते.

मग मार्ग कोणते?

- मूळ इंजिन बांधून घेणे : बोअरिंग, ओव्हरसाइझ पिस्टन-रिंग, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह, हेडचे फेसिंग. इंजिन क्रमांक तोच राहतो. नीट बांधलेले इंजिन अनेकदा ‘दम नाही’ ही तक्रारच मिटवते.

- त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन : ब्लॉक फुटला असेल तर हा पर्याय. आधी आरटीओची परवानगी, इंजिनाचे बिल जपून ठेवणे आणि नवा क्रमांक आरसीवर चढवणे. चोरीच्या गाडीचे इंजिन गळ्यात पडू नये म्हणून बिल महत्त्वाचे.

- सीएनजी, एलपीजी किंवा इलेक्ट्रिक किट : याला कायद्यात सवलत आहे. मात्र किट मान्यताप्राप्त हवे, बसवणारा अधिकृत हवा आणि आरसीत नोंद हवी. आपल्या मॉडेलसाठी मान्यता आहे का, हे पैसे देण्याआधी पाहा.

- फक्त खासगी जागेत किंवा ट्रॅकवर : सार्वजनिक रस्त्यावर न येणारी गाडी हा वेगळा छंद. ती चालवत नाही, ट्रेलरवर न्यायची.

इंजिन आधीच बदललेली जुनी जीप किंवा कार विकत घेत असाल तर रंग आणि आवाजावर जाऊ नका. बॉनेट उघडून इंजिन क्रमांक आरसीशी ताडून पाहा, इंधनाचा रकाना वाचा. पूर्वी परवानगी घेऊन आरसीवर चढलेला बदल आणि गुपचूप केलेला बदल यांत मोठा फरक आहे. शंका असेल तर बयाणा देण्याआधी जळगावच्या आरटीओ कार्यालयात विचारा. व्यवहार झाल्यावर तो क्रमांक तुमच्या नावावर असतो.