देहाचे वय

चष्म्याला ‘चाळिशी’ हे नाव प्रथम ज्याने दिले, त्याने शरीरशास्त्राचा एक धडाच एका शब्दात सांगून ठेवला आहे. चाळीस वर्षे उलटली की सुईत दोरा ओवताना हात आपोआप लांब जातो आणि पंचांगातील बारीक अक्षरे वाचण्यासाठी माणूस दिव्याकडे सरकतो. मात्र या शब्दात एक चकवा आहे. डोळ्याचे हे वार्धक्य चाळिशीत सुरू होत नाही. ते शाळकरी वयातच सुरू झालेले असते. दहा वर्षांच्या मुलाला डोळ्यापासून चार बोटांवर धरलेले अक्षर स्पष्ट दिसते. पुढे हे अंतर वर्षानुवर्षे वाढत जाते. ते वीतभराच्या पलीकडे गेले म्हणजे वाचनाची अडचण होऊ लागते, आणि तेव्हा कोठे आपल्याला त्याची वार्ता लागते.

असे का व्हावे? बुबुळामागचे पारदर्शक भिंग जवळचे पाहताना फुगते व दूरचे पाहताना चपटे होते. हे भिंग कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे थरावर थर चढून बनते, आणि थर चढण्याचे काम जन्मभर चालू राहते. जुना थर बाहेर टाकला जात नाही. तो आत दडपला जातो. त्यातील पेशींचे केंद्रक नाहीसे झालेले असते, आणि भिंगाला रक्तवाहिन्याही नाहीत. तेव्हा बिघडलेले प्रथिन काढून नवे घालण्याची तेथे सोयच नाही. गाभा उत्तरोत्तर ताठर होत जातो व फुगणे थांबते.

याचा पुरावा मोठ्या विलक्षण मार्गाने मिळाला. १९५५ ते १९६३ या काळात वातावरणात झालेल्या अणुस्फोटांमुळे हवेतील किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले, व पुढे ते हळूहळू उतरत गेले. हा कार्बन वनस्पतींत आणि अन्नावाटे माणसांत उतरला. त्यामुळे देहातील एखादे द्रव्य कोणत्या सुमारास घडले, हे त्यातील कार्बनवरून ओळखता येऊ लागले. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००८ साली मृत व्यक्तींच्या नेत्रभिंगांची अशी तपासणी प्रसिद्ध केली. गाभ्यातील प्रथिनांत सापडला तो त्या व्यक्तीच्या जन्मकाळचाच कार्बन! साऱ्या आयुष्यात त्या प्रथिनांची अदलाबदल झालेलीच नव्हती.

याच युक्तीने स्टॉकहोम येथील योनास फ्रिसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाचा शोध घेतला. हृदयाच्या स्नायुपेशी बदलतात, पण किती? २००९ साली त्यांनी दिलेले उत्तर असे: पंचविशीत वर्षाला शंभरात एक, आणि पंचाहत्तरीत त्याच्याही निम्म्याहून कमी. म्हणजे निम्म्याहून अधिक पेशी आयुष्याच्या आरंभापासून अखेरपर्यंत त्याच असतात. उलटपक्षी, आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते, आणि रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवसच जगते. आपण एखाद्या गृहस्थांची षष्ट्यब्दीपूर्ती साजरी करतो, तेव्हा त्यांच्या देहात आजन्म टिकलेली आणि परवा जन्मलेली अशी मंडळी एकत्र कुटुंबासारखी नांदत असतात. साठ हे वय त्यांतील फार थोड्यांचे.

आता कोणी विचारील की, ज्या भागांत पेशी सतत नव्या होतात, ते भाग तरी चिरतरुण का राहत नाहीत? त्वचा तर नित्य नवी होते, आणि तरीही सुरकुतते. या प्रश्नाने विज्ञानाला बराच काळ चकविले. अलेक्सिस कॅरेल या नामांकित शस्त्रवैद्याने १९१२ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातील पेशी काचपात्रात वाढविण्यास आरंभ केला, आणि ते संवर्धन तीस वर्षांहून अधिक काळ चालले असे सांगण्यात आले. त्यावरून पेशी ही मूलतः अमर असते, असा समज रूढ झाला. १९६१ साली फिलाडेल्फियात लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी तो मोडून काढला. मानवी पेशी सुमारे पन्नास वेळा विभागल्या की थांबतात, असे त्यांना आढळले. पुढे याचे कारण गुणसूत्रांच्या टोकांशी सापडले. ही टोके प्रत्येक विभाजनात थोडी आखूड होतात, आणि फार आखूड झाली म्हणजे पेशी विभागणे सोडते. ती पुन्हा लांबविणारे विकर शोधण्याच्या कामी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर व जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग हे विकर देऊन तारुण्य परत का आणू नये? कारण कर्करोगाच्या बहुतेक पेशी नेमके हेच विकर वापरून अमर्याद वाढतात. शिवाय सारे वार्धक्य गुणसूत्रांच्या टोकांवर टांगून ठेवणे मला पटत नाही. ज्या पेशी विभागतच नाहीत, त्यांच्या बाबतीत हे आखूडपण काय स्पष्ट करणार? भिंगाचा गाभा एका रीतीने जुना होतो, त्वचा दुसऱ्या. दोहोंना एकच नाव आपण सोयीसाठी दिले आहे.

आणि या सोयीची किंमत घरोघरी मोजली जाते. आजोबांना दिसेनासे झाले, ‘वय झाले’. आजींना पाटावरून उठवत नाही, ‘वय झाले’. वास्तविक मोतीबिंदू म्हणजे त्याच न बदलणाऱ्या प्रथिनांचे गढूळणे होय, आणि हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये कृत्रिम भिंग बसविल्यापासून त्यावर उपाय आहे. पायांची गोष्ट तर याहून निराळी. स्नायू वयाने क्षीण होतात हे खरे. पण त्या क्षीणतेत न वापरण्याचा वाटा मोठा असतो. ‘आता तुम्ही स्वस्थ बसा, कशाला हात लावू नका’ असे आपण वडीलधाऱ्यांना मायेने सांगतो, आणि हा वाटा वाढवितो.

१९९० साली बोस्टनमधील एका वृद्धाश्रमाच्या रहिवाशांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसे नव्वदीच्या आसपासची व दुर्बळ होती. त्यांना वैद्यकीय देखरेखीखाली आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या पायांचे बळ सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे मूळच्या जवळजवळ पावणेतीनपट झाले, आणि दोघांनी चालताना काठी वापरणे सोडले. नंतर व्यायाम बंद ठेवून पुन्हा मोजणी केली, तेव्हा अवघ्या चार आठवड्यांत त्या बळाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला होता.