पेशीतील स्नेहवहन

‘स्नेह’ शब्दाचे दोन अर्थ आपणां सर्वांस ठाऊक आहेत. एक ममत्व, दुसरा तेल-तूप. काव्याने पहिला जपला, वैद्यकाने दुसरा. या दुसऱ्या अर्थाने मला एकदा वर्गात निरुत्तर केले. उचगावच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, तेल पाण्यात मिसळत नाही, मग खाल्लेले तूप रक्तातून कसे जाते?” मी कला शाखेचा पदवीधर. ‘पुढच्या इयत्तेत शिकाल’ असे सांगून वेळ मारून नेली. त्या रुखरुखीतून हे टिपण लिहीत आहे.

प्रश्नाचे पहिले उत्तर सोपे आहे. स्निग्ध पदार्थ रक्तातून एकटे प्रवास करीत नाहीत. प्रथिनांच्या वेष्टनात सूक्ष्म कण होऊन जातात. आतडे व यकृत असे कण घडवितात. परंतु खरे कोडे त्यापुढे आहे. उपवासात शरीरातील साठ्याची चरबी सुटून यकृताकडे लोटते व तेथील पेशींत मेदबिंदूंच्या रूपाने साठते. हा साठा एकदम रक्तात सुटला तर अनर्थ होईल. मग तो धरून कोण ठेवतो, आणि सोडतो कोण?

याचा उलगडा मुंबईत झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना रूप मल्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या यकृतावर काम करून २०१७ व २०१९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मल्लिक मूळचे पदार्थविज्ञानाचे, हे विशेष. त्यांना २०१८ चे इन्फोसिस पारितोषिक लाभले.

पेशीत सूक्ष्मनलिकांचे रस्ते असतात. त्यांवरून ओझे वाहणारे ‘कायनेसिन’ नावाचे प्रथिन १९८५ साली माखली जातीच्या समुद्रजीवाच्या मज्जातंतूत सापडले. त्याचे पाऊल आठ नॅनोमीटरचे. म्हणजे एक मिलिमीटर चालण्यास सव्वा लाख पावले! आपल्या भागातील वाचकांस बैलगाडीची उपमा पुरेल. मेदबिंदू ही भरलेली गाडी, सूक्ष्मनलिका ही वाट, कायनेसिन हा बैल. गाडी भरली, वाटही मोकळी. पण बैल जुंपल्याखेरीज ती हलत नाही.

जुंपण्याचे काम इन्सुलिन करते, असे या संशोधनात दिसून आले. जेवणानंतर इन्सुलिन वाढते; त्याच्या प्रभावाने मेदबिंदूंच्या पृष्ठभागावर फॉस्फॅटिडिक आम्ल तयार होते आणि कायनेसिन तेथे येऊन बिलगते. मग मेदबिंदू पेशीच्या कडेकडे ओढले जातात. तेथे त्यांतील मेद मोकळा होऊन रक्तात सोडावयाच्या कणांत भरला जातो. उपवासात इन्सुलिन घटते, बैल सुटतात, गाडी जागीच राहते. म्हणूनच यकृतात चरबी भरलेली असूनही उपवासात रक्तात तिचा लोंढा येत नाही. यकृतात चरबी साठण्याचा विकार व मधुमेह घरोघरी ऐकू येत असताना या ज्ञानाचे मोल सांगावयास नको.

आता साहित्याच्या नियतकालिकात हे कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास एका घराचे उदाहरण देतो. दुर्गा भागवत १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा होत्या. त्यांच्या भगिनी कमला सोहोनी या जीवरसायनशास्त्रज्ञ. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. एकाच मराठी घरात दोन्ही विद्या नांदल्या. त्या आपल्या वर्गात का नांदू नयेत?

सीमाभागात मराठी टिकावी म्हणून आपण संमेलने भरवितो, ते योग्यच आहे. परंतु मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ज्या भाषेत मिळत नाही, ती भाषा तो सणासुदीपुरतीच ठेवील. आपण शिक्षकांनी ‘मेदबिंदू’, ‘सूक्ष्मनलिका’ असे शब्द फळ्यावर निःसंकोच लिहावेत. त्या विद्यार्थ्यास मी पुन्हा बोलाविले, फळ्यावर बैलगाडी काढली आणि राहिलेले उत्तर दिले. त्याने लगेच पुढचा प्रश्न विचारला, “आणि दिवसभर खातच राहिले तर, सर?” त्यासाठी मी पुन्हा अभ्यासास बसलो आहे.