गावची शाळा कशी पारखावी?

मंडळी, “तुमच्या गावची शाळा कशी आहे?” असे पारावर कुणाला विचारले, तर उत्तर ठरलेले असते. “झकास आहे की! भिंती रंगवल्यात, संगणक आलाय, शिष्यवृत्तीत यंदा दोन पोरं आली.” हे सगळे खरे असते, आणि त्याचा आनंदही मानावा. पण शाळेच्या पटावर 60 मुले असतील, तर उरलेल्या 58 जणांचे काय? ते या उत्तरात येत नाही.

याच चुकीत मीही सापडलो होतो. दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या संमेलनाला पाहुणा म्हणून गेलो आणि तोंडभर स्तुती करून आलो. त्याच रात्री चौथीतला माझा पुतण्या मला धडा वाचून दाखवू लागला. आवाज खणखणीत, पण बोट एका ओळीवर आणि तोंडात दुसरीच ओळ! मी कोपऱ्यातली बियाण्याची पिशवी त्याच्यापुढे धरली. त्याला त्यावरचा एक शब्द जुळवता येईना. धडा त्याला पाठ होता, वाचता येत नव्हता. दोष एकट्या शाळेला कसा द्यावा? प्रगतिपुस्तकावर सही त्याचे वडील करत, कौतुक मी करी. पण न पाहिलेला कागद त्याच्या हाती देऊन आम्ही कुणीच पाहिले नव्हते.

तेव्हा ‘पोरगं पास होतंय’ ही शाळेची पारख नव्हे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने लहान वर्गांत मुलाला नापास करून मागे ठेवणे बंद केले. मूल शाळेतून गळू नये, हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. महाराष्ट्रात 2023 साली पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेचा नियम आला. पण पहिली ते चौथी मूल वर चढत जाते, त्याला येत असो वा नसो.

मग पारख कशी करायची? ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून ‘असर’ नावाची पाहणी होत आली आहे. तिची रीत आपल्याला उचलता येईल. पाहणी करणारे शाळेत नव्हे, घरी जातात. त्यामुळे शाळेत गैरहजर राहणारे मूलही सुटत नाही. अक्षरे, शब्द, चार सोप्या ओळी आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट यांतले मुलाला काय वाचता येते, ते पाहतात. 2022 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात पाचवीच्या दर 100 मुलांपैकी सुमारे 43 मुलांनाच ही दुसरीची गोष्ट वाचता आली.

गणिताचेही तसेच. 52 मधून 27 वजा करायला सांगा. उत्तर 25 आले तर ठीक. 35 आले तर रागावू नका, नीट बघा. मुलाने 7 मधून 2 काढले आणि 5 मधून 2 काढले. म्हणजे लहान आकडा मोठ्यातून काढायचा, एवढेच त्याला ठाऊक आहे. दशक सुटा करून एकक कसे मिळतात, ते त्याला उमगलेले नाही. काड्यांचे दहा-दहांचे जुडगे करून एक जुडगा त्याच्याच हाताने सोडायला लावा. पुष्कळदा तिथेच गाठ सुटते.

गुरुजी आणि बाई, ही तपासणी तुमच्यावर नजर ठेवण्यासाठी नाही. एकाच शिक्षकाने दोन-दोन वर्ग सांभाळायचे, वर निवडणुकीचे नि जनगणनेचे काम करायचे, हे गावालाही दिसते. पण रोज एक तास असा ठेवता येईल, की त्यात मुले इयत्तेप्रमाणे न बसता पातळीप्रमाणे बसतील: अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे, गोष्टवाले एकीकडे. चौथीतल्या ज्या मुलाला अक्षरओळख नाही, त्याच्यापुढे चौथीचे पुस्तक धरण्यात त्याचाही वेळ जातो आणि तुमचाही.

आणि पालकहो, कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. पुढच्या बैठकीत रंगाच्या डब्याचा हिशेब जरूर विचारा, पण त्याआधी एक प्रश्न विचारा: “चौथीतल्या किती मुलांना नवी गोष्ट वाचता येते?” आकडा वहीत मांडून ठेवा. दिवाळीनंतर पुन्हा विचारा. आकडा वाढला असेल, तर शाळा चांगली. मग भिंतीचा रंग उडालेला का असेना.

माझा पुतण्या आता सहावीत आहे. वाचताना अजून अडखळतो. पण परवा स्टँडवर एसटीची पाटी त्याने माझ्याआधी वाचली आणि मला म्हणाला, “काका, ही आपली नव्हे.” आज रात्री जेवणे झाली की तुमच्या घरातल्या मुलाच्याही हाती एखादा नवा कागद द्या, आणि शेजारी बसून ऐका.