दहा बाय बाराच्या खोलीतला आवाज

रायपूरच्या शंकर नगरातल्या फ्लॅटमधली बैठकीची खोली दहा बाय बारा फुटांची असेल, तर शंभर वॅटचा आकडा बघून हरखून जायचं कारण नाही. 88 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर, एका मीटरवरून 88 डेसिबल आवाज देतो. वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त 3 डेसिबल! घरातलं ऐकणं बहुधा चार-पाच वॅटांतच भागतं.

मग बघायचं काय? जोडण्या. रिसीव्हर म्हणजे अँप्लिफायर आणि रेडिओ एकाच डब्यात. सोनीच्या एसटीआर-डीएच190 मध्ये ब्लूटूथ आहे, शिवाय तबकडीसाठी फोनो इनपुटही. यामाहाच्या आर-एस202 मध्ये ब्लूटूथ आहे, फोनो नाही. आजोबांच्या भीमसेन-कुमारांच्या रेकॉर्डी जपलेल्या घराने पहिलाच घ्यावा. दोन्हींत ऑप्टिकल इनपुट नाही, हे टीव्ही जोडणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावं.

खरा खेळ खोलीचा. बारा फुटांच्या लांबीत सुमारे 47 हर्ट्झला ध्वनिलहर घुमते आणि खालचे सूर फुगतात. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हात-दीड हात पुढे आणले, की डग्ग्याचा घुमारा स्वच्छ होतो. हा उपाय फुकटचा, आणि महागड्या वायरींपेक्षा कितीतरी गुणकारी!

दोन्ही यंत्रं सुमारे 43 सेंटिमीटर रुंद आहेत, तेव्हा फळी आधी मोजावी. रायपूरच्या मे महिन्यात वरची जाळी मोकळीच ठेवावी; तिच्यावर क्रोशाचा रुमाल नको.