बाणाची जुनी पिसे काढताना...

बर्लिन येथे २०२३ मध्ये झालेल्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके पटकावली. अशा यशानंतर चर्चा होते ती नेमाची आणि धनुष्याची. बाणाच्या मागच्या टोकाला असलेली तीन इवलीशी पिसे मात्र दुर्लक्षितच राहतात. वास्तविक हीच पिसे बाणाला स्वतःभोवती फिरवून त्याची दिशा स्थिर ठेवतात. त्यातील एखादे फाटले किंवा सुटले की बाण भरकटू लागतो.

अशा वेळी नवी पिसे चिकटवण्याआधी जुनी काढावी लागतात, आणि खरी जोखीम इथेच असते. स्पर्धांमध्ये वापरले जाणारे बहुतेक बाण कार्बनचे असतात. राळेने जखडलेल्या कार्बनच्या तंतूंची ती पोकळ, पातळ नळी असते. पिसे खरवडताना धारदार पाते नळीत रुतले, तर हे तंतू कापले जातात. प्रत्यंचा सुटताच बाणावर मोठा ताण येऊन तो वाकतो. दुखावलेली नळी त्याच क्षणी फुटली, तर तिच्या कपच्या तिरंदाजाच्या हातात घुसू शकतात.

म्हणूनच बोथट सुरी किंवा या कामासाठी मिळणारे खास अवजार वापरावे. पाते नळीला जवळजवळ समांतर धरावे आणि पिसाच्या तळाखालून हलक्या हाताने पुढे सरकवावे. उरलेला गोंद नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने जागा पुसून घ्यावी. कार्बनला ज्योतीची आच दाखवू नये. उष्णतेने राळ कमकुवत होते. लाकडी बाणावर अॅसिटोन वापरल्यास त्याचे रोगण विरघळण्याचा संभव असतो. अॅल्युमिनियम तुलनेने सोशिक असले, तरी त्यावरही ओरखडे उमटू देऊ नयेत.

सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तपासणी. डोळ्यांना चष्मा लावून दोन्ही हातांनी कार्बनचा बाण हलकेच वाकवावा, थोडा फिरवावा आणि पुन्हा वाकवावा. तडकल्याचा आवाज आला, चीर दिसली किंवा बोटाला तंतू टोचले, तर त्या बाणाचा मोह सोडावा. तो मोडून टाकलेलाच बरा, म्हणजे चुकूनही पुन्हा भात्यात जाणार नाही. नवा बाण विकत घेता येतो, हात नव्हे!